गवतावर वाढणाऱ्या मांसाच्या कळपासाठी वळूची जात कशी निवडावी

नवा कळप उभा करणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो जातीचा. अँगस घेऊ की हेरफर्ड? शारोले आणला तर वजन जास्त मिळेल का? प्रश्न चुकीचा नाही, पण तो खरं तर तिसरा आहे. पहिला प्रश्न गवताचा आणि दुसरा तुमच्याकडे आधीपासून असलेल्या गायींचा. हा क्रम उलटा केला की काय होतं ते मी स्वतः भोगलंय. तो किस्सा पुढे येईलच.

त्याआधी वळूचं वजन कळपात किती असतं ते बघा. किलोतलं नव्हे, रक्तातलं. गाय वर्षाला एक वासरू देते, वळू एका हंगामात पंचवीस-तीस देतो. त्याच्या मुली तुम्ही कळपात ठेवल्या, त्यांना दुसरा वळू लावला आणि त्यांच्या मुलींना तिसरा, तर त्या पिढीच्या वासरांत ८७.५ टक्के रक्त या तीन वळूंचं असतं. ज्या गायी तुम्ही इतक्या पारखून घेतल्या होत्या, त्यांचा वाटा साडेबारा टक्के उरतो. शिवाय गाभणकाळ साधारण २८३ दिवसांचा आणि त्यावर जनावर तयार व्हायला दीड ते अडीच वर्षं. म्हणजे निवड चुकली हे कळायलाच तीन वर्षं जातात.

पायरी १: गवताचं वर्ष कागदावर मांडा

एक कागद घ्या, बारा महिने लिहा आणि प्रत्येक महिन्यापुढे गवताची स्थिती लिहा: जोरात वाढतंय, थांबलंय, वाळलंय, की साठवणीतलं घालावं लागतंय. कुठे थंडी गवत थांबवते, कुठे ऊन, कुठे पावसाची उघडीप. बारा महिने सारखं गवत फार थोड्यांच्या नशिबी असतं. बाकीच्यांकडे वर्षातले काही महिने सुगीचे आणि उरलेले जेमतेम निभावायचे.

कोणती जात परवडेल हे या कागदावरून कळतं. त्यासाठी जनावर भरतं कसं ते आधी समजून घ्यावं लागेल.

जनावराच्या अंगात चरबी ठरावीक क्रमाने साठते. आधी मूत्रपिंडं आणि आतड्यांभोवती, मग दोन स्नायूंच्या मधल्या फटींत, मग कातडीखाली आणि सगळ्यात शेवटी स्नायूच्या आत बारीक पेरल्यासारखी. या शेवटच्या चरबीला मार्बलिंग म्हणतात. मांसाला रस आणि चव येते ती बरीचशी तिच्यामुळे. हाडांची आणि स्नायूंची वाढ मंदावल्याशिवाय हे शेवटचे टप्पे जोर धरत नाहीत. लहान चणीची, लवकर वयात येणारी जात वाढ लवकर उरकते आणि भरायला लागते. मोठ्या चणीचं जनावर दोन वर्षांचं झालं तरी उंचच होत राहतं. धान्याच्या खुराकावर हे खपून जातं, कारण तिथे जनावर दिवसाला दीड किलोच्या आसपास वजन धरतं. गवतावर चांगल्या महिन्यांत ७०० ते ९०० ग्रॅम मिळाले तरी पुष्कळ, आणि वाईट महिन्यांत जेमतेम २०० ग्रॅम किंवा शून्य.

आता एक वासरू घ्या, गवताच्या हंगामाच्या सुरुवातीला जन्मलेलं. पहिला हंगाम आईच्या दुधावर गेला. मग मंदीचे महिने आले. मग दुसरा हंगाम. लवकर तयार होणारं जनावर या दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस, १८ ते २० महिन्यांचं असताना, भरलेलं असतं. उशिरा तयार होणाऱ्याला आणखी फक्त दोन महिने हवे असतात, पण ते दोन महिने गवताकडे नसतात. मग ते दुसरी मंदी काढतं, वजन होतं तिथेच अडतं, आणि तिसऱ्या हंगामात गवत उभं राहिल्यावर २६ महिन्यांच्या पुढे कधीतरी तयार होतं. जातीतला दोन महिन्यांचा फरक तुमच्या कळपात सहा-आठ महिन्यांचा होऊन बसतो. तेवढे महिने ते खातं, जागा अडवतं आणि मागून येणाऱ्या वासरांच्या वाट्याचं गवत संपवतं.

वाट न बघता अर्धवट भरलेलं जनावर कापलं तर काय होतं? अंगावर चरबीचा थर पातळ असेल तर धड शीतगृहात फार झपाट्याने गार होतं, स्नायू आखडतात आणि मांस चिवट निघतं. गवतावरचं मांस चिवट असतं ही ओरड बरेचदा गवताची नसते, न भरलेल्या जनावराची असते.

तेव्हा कागदावर सुगीचे महिने मोजा. पाच-सहा असतील तर लहान ते मध्यम चणीची, लवकर तयार होणारी जात हवी. नऊ-दहा महिने हिरवं गवत असेल, द्विदल चारा भरपूर मिसळलेला असेल, तर थोडी मोठी चणही चालेल.

त्याच कागदाच्या खाली दोन गोष्टी आणखी लिहा: उन्हाची तीव्रता आणि गोचीड. या दोन्हींचं प्रमाण जास्त असेल तर निम्म्याहून अधिक जाती तुमच्या यादीतून आपोआप गळतील.

पायरी २: तुमच्या गायी वजनाला केवढ्या आहेत?

गाय नुसती जिवंत राहायला किती खाते हे तिच्या वजनावर ठरतं, पण सरळ प्रमाणात नाही. ५०० किलोच्या गायीऐवजी ६५० किलोची गाय पाळली तर वजन ३० टक्क्यांनी वाढतं आणि देखभालीचा चारा साधारण २२ टक्क्यांनी. हे ऐकून मोठी गाय फायद्याची वाटते. फायदा तेव्हाच, जेव्हा तिचं वासरूही दूध सोडताना तेवढ्याच प्रमाणात जड निघेल, आणि गवतावर ते सहसा निघत नाही. जेवढ्या गवतावर ३० मोठ्या गायी जगतात, तेवढ्यावर ३६ मध्यम गायी जगतात. सहा वासरं जास्त.

दुसरा हिशेब दिवसांचा. गायीने दरवर्षी व्यायचं असेल तर ३६५ दिवसांतून गाभणकाळाचे २८३ वजा करा. उरलेल्या ८२ दिवसांत तिने व्यायल्यावर सावरायचं, माजावर यायचं आणि गाभण राहायचं, तेही वासराला दूध पाजत. मोठी किंवा फार दुधाळ गाय गवतावर या काळात वाळते, माज लांबतो आणि ती वर्षभर भाकड राहते. म्हणून गवतावरच्या कळपासाठी ४५० ते ५५० किलोची, बेताच्या दुधाची गाय बरी, असं माझं मत आहे. दुधाचा हव्यास दुग्धव्यवसायात ठीक.

गायी आधीच मोठ्या असतील तर लहान चणीचा वळू लावून दोन पिढ्यांत कळप खाली आणता येतो. उलट, लहान गायींना आणि विशेषतः पहिलारू कालवडींना मोठ्या चणीचा वळू लावू नका. रात्री दोन वाजता अडलेलं वासरू ओढून काढायची वेळ येते आणि कधीकधी दोन्ही जीव जातात.

पायरी ३: मुली ठेवणार की सगळी वासरं विकणार?

कळपातच कालवडी तयार करायच्या असतील तर वळू आईपणाच्या गुणांसाठी निवडावा लागतो: लवकर वयात येणं, सहज विणं, शांत स्वभाव, मजबूत खूर, बेताचं दूध. सगळी वासरं मांसासाठीच जाणार आणि बदलीच्या गायी बाहेरून येणार असतील, तर वाढ आणि मांसलपणा बघून वळू घेता येतो. नवख्याने पहिली वाट धरावी. दुसरीत दरवर्षी बाहेरून जनावर आणावं लागतं आणि त्याबरोबर कोणता रोग येतो ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

पायरी ४: आता जाती बघा

ढोबळ मानाने तीन गट आहेत: ब्रिटिश बेटांवरच्या जुन्या जाती, युरोप खंडातल्या मोठ्या जाती, आणि उष्ण प्रदेशातल्या वशिंडाच्या जाती व त्यांचे संकर.

ब्रिटिश गट थंड आणि समशीतोष्ण हवेत गवतासाठी पहिल्या पसंतीचा आहे, कारण या जाती गवतावरच घडल्या. अँगस ही स्कॉटलंडच्या ईशान्येची, बिनशिंगी, बहुधा काळी जात. तिची वंशावळ-वही १८६२ पासून आहे. लवकर तयार होते, मार्बलिंग चांगलं, वासरं सहसा सहज होतात. पण तिची लोकप्रियता हाच तिचा दोष झालाय. धान्याच्या बाजारासाठी निवडत निवडत काही घराण्यांमधल्या गायी ६५० किलोंच्या पुढे गेल्या आहेत. अँगस घ्यायचा तर घराणं बघून घ्या.

हेरफर्ड लाल अंगाची, पांढऱ्या तोंडाची. निबर गवतावरही अंग धरते आणि स्वभावाने गरीब. प्रखर उन्हाच्या प्रदेशात मात्र तिच्या पांढऱ्या पापण्यांना डोळ्याचा कर्करोग होण्याचा धोका असतो, म्हणून पापणीभोवती लाल रंग असलेला वळू शोधावा. शॉर्टहॉर्नची वंशावळ-वही १८२२ ची, गायीगुरांतली सगळ्यात जुनी. दूध इतर मांसजातींपेक्षा जास्त, तेव्हा वर सांगितलेला ८२ दिवसांचा हिशेब इथे आठवा. डेव्हन गडद लाल, गवतावर भरण्यात मला वाटतं या गटात सगळ्यात सरस, पण चांगले वळू शोधत हिंडावं लागतं. गॅलोवेला केसांचा दुहेरी थर असतो, त्यामुळे थंडी आणि पाऊस ती सहज काढते, वाढ मात्र सावकाश. हायलँड त्याहूनही सावकाश. ज्याला घाई नाही आणि ज्याची जमीन फारच हलकी आहे त्याच्यासाठी ठीक.

मरे ग्रे ही ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या वरच्या खोऱ्यातली. १९०५ च्या सुमारास एका शॉर्टहॉर्न गायीला अँगस वळूंपासून राखाडी वासरं होत गेली आणि त्यातून ही जात उभी राहिली. अँगसचे बहुतेक गुण आणि फिकट रंग, त्यामुळे उन्हाचा ताप थोडा कमी. तुमच्या भागात मिळत असेल तर बघाच.

खंडीय गटात फ्रान्सच्या शारोले आणि लिमुझिन, स्वित्झर्लंडची सिमेंटल आणि बेल्जियन ब्लू येतात. स्नायू भरपूर, चरबी कमी, चण मोठी. पहिल्या पायरीतलं गणित यांच्या विरोधात जातं. बेल्जियन ब्लूमध्ये मायोस्टॅटिन या स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकातल्या बदलामुळे स्नायू बेसुमार चढतात, आणि शुद्ध जातीत शस्त्रक्रियेने वासरू काढणं नेहमीचंच. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. मोठ्या ब्रिटिश-वंशाच्या गायींना लिमुझिन लावून सगळी वासरं विकणारे लोक आहेत आणि त्यांचं बरं चालतं, पण त्यांच्याकडे गवतही तसं आहे.

उष्ण, गोचिडांच्या प्रदेशात चित्र पूर्ण बदलतं. वरच्या गटातलं जनावर तिथे दिवसभर सावलीत धापा टाकत उभं राहतं. चरतच नाही, मग भरणार कसं? वशिंडाच्या गुरांची कातडी सैल, केस आखूड, घाम जास्त, गोचीड कमी आणि निकृष्ट चाऱ्यावर तग धरण्याची ताकद मोठी. अमेरिकेत घडलेली ब्राह्मन आणि ब्राझीलच्या कुरणांवर पसरलेली नेलोर, दोघींचं मूळ भारतीय गुरांत आहे. ब्राह्मनच्या रक्तात गीर, कांक्रेज, ओंगोल आणि आपली कृष्णाकाठची कृष्णा व्हॅलीही आहे. नेलोर म्हणजे मुळात ओंगोल.

यांच्या तीन अडचणी आहेत. वयात उशिरा येतात. वशिंडाच्या गुरांचं रक्त जसं वाढतं तसं मांस कमी मऊ होत जातं, कारण मांस मुरताना तंतू सैल करणाऱ्या विकरांना अडवणारं कॅल्पास्टॅटिन त्यांच्या स्नायूत जास्त असतं. आणि तिसरी अडचण नवख्याला हमखास चकवते: ब्राह्मन वळू ब्रिटिश जातीच्या गायीला लावला तर वासरू जन्मतः जड निघतं, पण ब्रिटिश वळू ब्राह्मन गायीला लावला तर हलकं. दोन्हीकडे रक्ताचं प्रमाण तेच, पण आई कोण यावर वजन फिरतं.

म्हणून मधली वाट काढली गेली. टेक्सासमधल्या किंग रँचवर ब्राह्मन आणि शॉर्टहॉर्नपासून सांता गर्ट्रुडिस तयार झाली. ब्रँगसमध्ये ३/८ ब्राह्मन आणि ५/८ अँगस. दक्षिण आफ्रिकेत यान बोन्समा यांनी मारा संशोधन केंद्रावर ५/८ आफ्रिकानर आणि बाकी हेरफर्ड-शॉर्टहॉर्न मिसळून बोन्समारा उभी केली. आफ्रिकानर ही ‘सांगा’ नावाच्या आफ्रिकेतल्या स्थानिक गुरांच्या गटातली, मांसाला ब्राह्मनपेक्षा मऊ. झिम्बाब्वेकडच्या मशोना आणि तुली याही सांगा जाती, लहान चणीच्या आणि गाभण राहण्यात पक्क्या. कॅरिबियन बेटांवरची सेनेपोल वशिंडाशिवाय ऊन सोसते, कारण तिच्यात आखूड, तुकतुकीत केसांचं एकच प्रभावी जनुक असतं आणि ते निम्म्या किंवा सगळ्या वासरांत थेट उतरतं. उष्ण हवा आणि मऊ मांस दोन्ही हवं असेल तर मी बोन्समारा किंवा सेनेपोलपासून शोध सुरू केला असता.

वाग्यू या जपानी जातीबद्दल हमखास विचारलं जातं. तिचं ते जाळीदार मार्बलिंग दीर्घकाळ धान्य खाऊन येतं. गवतावर त्यातलं थोडंच उतरतं आणि वाढ सावकाश. हौस म्हणून एखाद्या हंगामाला ठीक.

इथे एक इशारा. जातीचं नाव म्हणजे शिक्का नव्हे. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या प्रदर्शनांत ठेंगणी, गोलमटोल जनावरं जिंकत. ती फॅशन एवढी ताणली गेली की हेरफर्डमध्ये खुजेपणाचा आनुवंशिक दोष पसरला. मग लंबक दुसरीकडे गेला आणि १९७० ते ८० च्या दशकांत उंचच उंच बैलांना बक्षिसं मिळू लागली. जात तीच, नाव तेच, जनावर पार वेगळं. नेब्रास्कातल्या क्ले सेंटर इथल्या सरकारी संशोधन केंद्रात अनेक दशकं जातींची तुलना चालू आहे, आणि तिथेही ब्रिटिश व खंडीय जातींमधलं वाढीचं अंतर काळाबरोबर कमी झालेलं दिसलं. म्हणून जात ठरवल्यावर काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं.

पायरी ५: संकर करायचा का?

शक्य असेल तर करा. गाभण राहणं, वासरू जगणं, गायीचं टिकणं हे गुण रक्तातून फार कमी उतरतात, निवड करून ते सुधारायला पिढ्या जातात. नेमका तिथेच संकराचा जोर दिसतो. शुद्ध जातींशी तुलना केली तर संकरित गाय, तिला संकरित वासरू, या जोडीतून गायीमागे मिळणारं वासराचं वजन १५ ते २५ टक्क्यांनी वाढू शकतं. अँगस-हेरफर्डची काळ्या अंगाची, पांढऱ्या तोंडाची गाय उगाच लोकप्रिय नाही.

पण पाच-सहा जातींचं कडबोळं करू नका. दोन जातींचे वळू आलटून पालटून वापरले तरी संकराचा दोन-तृतीयांश जोर टिकतो. पंधरा-वीस गायींच्या कळपात दोन वळू परवडत नाहीत, तिथे ब्रँगस किंवा बोन्समारासारखी घडवलेली जात घ्यावी, संकर तिच्यात आधीच मुरलेला असतो. दोन्ही जाती चणीला साधारण सारख्या असाव्यात, नाहीतर एकाच वर्षीची वासरं तयार व्हायला सहा महिने मागेपुढे होतात.

पायरी ६: वळू पारखा

आता माझा किस्सा. पहिला वळू मी प्रदर्शनात बघितला आणि भाळलो. पाठ टेबलासारखी, अंग तेलकट चमकणारं, वजन हजार किलोंच्या आसपास. तो धान्यावर वाढलेला होता हे विकणाऱ्याने लपवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. कुरणात सोडल्यावर दोन महिन्यांत बरगड्या दिसू लागल्या. चालायचा कमी, बसायचा जास्त. निम्म्या गायी उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. पुढच्या वर्षी वासरं आली ती हंगामभर विखुरलेली, काही तर ऐन मंदीत.

असं होण्यामागे कारण असतं. खुराकावर लठ्ठ केलेल्या वळूच्या वृषणाच्या मानेत चरबी साठते, वृषणं तापतात आणि रेताची प्रत घसरते. धान्याच्या आम्लाने खुरांना आतून सूज येते, ती नंतर आयुष्यभर छळते. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा: हा कशावर वाढला? तुमच्यासारख्याच गवतावर, तुमच्यासारख्याच हवेत वाढलेला बारीक दिसणारा वळू चमकदार पाहुण्यापेक्षा शंभर पटीने बरा. आणि त्याची आई बघायला मागा. दहा वर्षांची होऊनही दरवर्षी वेळेवर व्यालेली, कास घट्ट असलेली गाय दाखवली तर अर्धं काम झालं. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून मी वळू घेत नाही.

मग कागद. ईपीडी किंवा ईबीव्ही नावाचे आकडे दिसतील. ईबीव्ही म्हणजे जनावराचं स्वतःचं पैदास-मूल्य, आणि ईपीडी त्याच्या निम्मं, म्हणजे वासरात उतरणारा भाग. एका वळूचा जन्मवजनाचा ईपीडी अधिक १ किलो आणि दुसऱ्याचा अधिक ३ असेल, तर सारख्याच गायींवर दुसऱ्याची वासरं सरासरी दोन किलो जड निघतील. तुलना एकाच जातीत, एकाच यादीतच करायची. शेजारी अचूकतेचा आकडा असतो, शून्य ते एकमधला. कोवळ्या वळूचा तो कमी असतो, तेव्हा त्याच्या ईपीडीवर फार विसंबू नका. नवख्यांचं चुकतं ते इथे: सगळ्यात मोठे आकडे शोधतात. गवतावर एक वर्षाच्या वयातल्या वजनाचा फार मोठा ईपीडी म्हणजे पुढे मोठ्या गायी, आणि दुधाचा फार मोठा ईपीडी म्हणजे वाळलेल्या, भाकड गायी. मधले आकडे घ्या. जनुकीय दोषांची तपासणी झाली आहे का तेही विचारा. काही अँगस घराण्यांत वासरं वाकडी-तिकडी, मेलेली जन्मण्याचा दोष आहे. दोष वाहणारा वळू दिसायला ठणठणीत असतो, चाचणीतच सापडतो.

अंग बघताना त्याला चालवा. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात किंवा जवळ पडला पाहिजे. मागचे गुडघे फार सरळ असतील तर गायीवर चढताना सांधे झिजतात. खूर एकसारखे हवेत, कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले नकोत. वशिंडाच्या जातींत शिश्नाचं आवरण फार लोंबतं नाही ना ते बघा, काट्याकुट्यांत जखमा होतात. बिनशिंगी गुण हवा असेल तर वळू दोन्ही बाजूंनी बिनशिंगी असल्याची जनुकचाचणी मागा. तसा असला तर शिंगांच्या गायींनाही जवळपास सगळी वासरं बिनशिंगी होतात.

स्वभाव बघायला कुंपणात त्याच्याबरोबर थोडा वेळ उभे राहा, पण दाराजवळ. डोकं खाली घालून आडवा उभा राहणारा, जमीन उकरणारा वळू तिथेच सोडा. भित्री, बिथरणारी जनावरं कापण्याआधी ताणात स्नायूतली साठवलेली साखर संपवतात, मग मांस काळपट आणि कोरडं होतं. स्वभाव हा मांसाचाच गुण आहे. शांत वळूकडेही पाठ फिरवू नये, हे वेगळं सांगायला नको.

आणि पशुवैद्याकडून प्रजननक्षमतेची तपासणी, कितीही ओळखीचा माणूस विकत असला तरी. वृषणाचा घेर १५ महिन्यांपर्यंतच्या वळूचा किमान ३० सेंटिमीटर, दोन वर्षांपुढच्याचा ३४. रेतात किमान ३० टक्के शुक्राणू पुढे सरकणारे आणि ७० टक्के निर्दोष घडणीचे हवेत. घेर मोठा असलेल्या वळूच्या मुलीही लवकर वयात येतात, हा वरचा लाभ. या तपासणीत इच्छा कळत नाही, गायीवर जातो की नाही ते डोळ्यांनीच बघावं लागतं. शुक्राणू तयार व्हायला दोन महिने लागतात, म्हणून तपासणीनंतर ताप आला किंवा उन्हाचा तडाखा बसला तर तो कागद रद्द समजा.

पायरी ७: आणल्यानंतर

वळू लावायच्या हंगामाच्या दोन-तीन महिने आधी आणा. निदान ३० दिवस वेगळा बांधा. सांसर्गिक गर्भपात, क्षय, जोन्स (आतड्यांचा जुनाट रोग), बीव्हीडी (गुरांचा विषाणूजन्य हगवणीचा रोग) यांच्या तपासण्या करा. आधी गायींना लावलेला असेल तर ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर या वळू लावताना पसरणाऱ्या जंतूंच्याही. सांसर्गिक गर्भपात माणसालाही होतो. कोरा, कधी न लावलेला वळू म्हणूनच थोडा महाग पडला तरी चालतो.

किती गायी सोडायच्या? वळूचं वय जितके महिने तितक्या गायी, हा साधा हिशेब २४-३० पर्यंत चालतो. हंगाम ६० ते ९० दिवसांचा ठेवा, म्हणजे वासरं गवताबरोबर येतील. दहाच्या आत गायी असतील तर वळू पाळूच नका, कृत्रिम रेतनाने चांगल्या घराण्याचं रेत मिळतं आणि एका मोठ्या, धोक्याच्या जनावराचं खाणं वाचतं.

वळू सोडल्यावर पहिले काही दिवस कोणती गाय कधी फळली ते वहीत लिहा. माजाचं चक्र २१ दिवसांचं. विसाव्या दिवसापासून पुन्हा बघायला लागा. एखाददुसरी गाय उलटली तर चालतं, पण दुसऱ्या फेरीत निम्मा कळप पुन्हा माजावर आला तर हंगाम संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा आणि दुसरा वळू शोधायला लागा. सगळं नीट चाललं तर तोच वळू दोन-तीन हंगाम ठेवा. त्याच्या पहिल्या कालवडी फळवण्याच्या वयाला आल्या की मात्र त्याला हलवा किंवा त्या वेगळ्या कुरणात न्या.